सिल्वासाच्या सनदांची पारख

जुना कागद अस्सल की बनावट, आणि अस्सल असला तरी त्यातील शब्दाचा अर्थ काय, हे वाद आपल्याकडे बहुधा मासिकांच्या पानांत किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांत रंगतात. फार झाले तर दोन विद्वानांचे बोलणे काही काळ बंद होते. परंतु असाच एक वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. सिल्वासाचे आणि भोवतालच्या वारली, कोकणा, धोडिया पाड्यांचे भवितव्य त्यात गुंतलेले होते.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले; दादरा त्यापूर्वीच, जुलैमध्ये मुक्त झाले होते. दमणहून या मुलखात जाण्यास मधला भारतीय प्रदेश ओलांडावा लागे आणि तेथून सैन्य नेऊ देण्यास भारताने नकार दिला. तेव्हा २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेग येथे दावा दाखल केला. वाटेचा हक्क सांगावयाचा तर आधी गावांवरील सार्वभौमत्व सिद्ध करणे आले. म्हणून पोर्तुगाल पुण्याच्या पेशवे दरबाराशी १७७९ साली झालेल्या तहाकडे आणि १७८३ व १७८५ च्या दोन सनदांकडे वळले. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांची मैत्री टिकावी, हा पेशव्यांचा त्या तहातील हेतू होता.

येथे संशोधकाची खरी कसोटी लागते. तहाच्या सतराव्या कलमाचे न्यायालयापुढे आलेले पाठ एकमेकांशी जुळत नव्हते आणि उभय पक्षांनी साक्षांकित केलेला एकही पाठ उपलब्ध नव्हता. भारताने आक्षेप घेतला की, असा तह मुळी विधिवत झालाच नाही. न्यायालयाने तो मानला नाही. अठराव्या शतकातील हिंदुस्थानातील तहाचा खरेखोटेपणा नंतरच्या काळात रूढ झालेल्या रीतींवरून ठरविता येत नाही, आणि ज्या तहाला मराठ्यांनी स्वतःच बंधनकारक मानून सनदा दिल्या, तो इतरांनी निरर्थक कसा म्हणावा, असा त्याचा आशय होता. आपल्या पक्षाविरुद्ध गेलेले असले तरी हे इतिहासदृष्टीने निर्दोष विवेचन आहे, हे कबूल केले पाहिजे.

मग प्रश्न उरला तो शब्दांचा. मराठ्यांनी जेथे मुलूख कायमचा तोडून दिला, तेथील तहांत तशी स्पष्ट भाषा आढळते. येथे ती नव्हती. सनदांत होता तो वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम. सरंजाम म्हणजे काय, हे मराठी वाचकास सांगावयास नको: गावचा वसूल घ्यावा, धनीपण मात्र सरकारचे. गावांत बंड झाल्यास ते मोडण्याचा अधिकार सनदेने पोर्तुगीजांस दिला होता. हीच सार्वभौमत्वाची खूण, असे त्यांच्या वकिलांचे म्हणणे. न्यायालयाने उलट विचारले की, राज्यच दिले असते तर असा अधिकार वेगळा लिहून देण्याचे कारण काय? सरंजामाचा अर्थ मुलूख तोडून देणे असा कोणी लावल्याचे एकही उदाहरण पुढे आले नाही. बारा हजारांच्या वसुलाचा कागद राज्याची खरेदीखत होऊ शकला नाही.

आपल्याकडील सांगणारे बहुधा येथेच थांबतात, आणि ते बरे नव्हे. त्याच निकालपत्रात पुढे म्हटले आहे की, मराठ्यांच्या जागी इंग्रज आल्यावर त्यांनी या गावांवरील पोर्तुगीजांचा अनन्य अंमल कधी आव्हानिला नाही. ते सार्वभौमत्व त्यांनी प्रत्यक्षात मान्य केले आणि नंतर भारतानेही ते मूकपणे चालू दिले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना भारताच्या नियंत्रणाखाली वाट होती, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना ती नव्हती, हे अवघ्या आठ विरुद्ध सात मतांनी. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. ‘हेगमध्ये आपण जिंकलो’ या तीन शब्दांत हे सगळे मावत नाही.

मनाची ओढ मोठी विलक्षण असते. आपल्याला हवा तो परिच्छेद डोळ्यांत भरतो, नको तो पान उलटताना निसटतो. आणि यात लबाडी असतेच असे नाही. म्हणूनच राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना मूळ पत्रेच वाचकांपुढे मांडली, आणि १९१० साली मंडळ निघाल्यावर सभासदांसमोर निबंध वाचून त्यावर हरकती घेण्याची प्रथा पडली. हरकत घेणारा मित्र असो वा प्रतिपक्षी, त्याच्या हाती मूळ कागद असला पाहिजे. सरकारी कृपेवर हे सोपविले तर काय होते, ते पेशवे दप्तराच्या इतिहासात दिसते. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात सरदेसायांनी त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले, तोवर ते दप्तर अभ्यासकांस जवळजवळ बंदच होते.

हेगच्या खटल्यात कागद तपासणारा समानशील अभ्यासक नव्हता; समोर प्रतिपक्षाचे वकील होते आणि वर पंधरा न्यायाधीश. त्यामुळेच कदाचित तेथे सरंजाम हा शब्द इतका बारकाईने वाचला गेला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा-नगरहवेली भारतीय संघराज्यात सामील झाली. दोन्ही पक्षांचे लेखी युक्तिवाद व पुराव्याचे कागद न्यायालयाने पुढे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केले आहेत. सनदेचा अर्थ ज्याला स्वतः लावून पाहावयाचा असेल, त्याला ते खंड आजही खुले आहेत.