परवाना, जकात आणि डाख

मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेकडे उतरल्यावर जो रस्ता लागतो, त्याला १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मिळाले होते. नगरपालिकेच्या दप्तरी तो पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला असला, तरी ज्यांना चार आण्यांचा रेझिस्टन्स किंवा एखादा दुर्मीळ व्हॉल्व्ह हवा असे, त्यांच्या तोंडी तो अखेरपर्यंत लॅमिंग्टन रोडच राहिला. या रस्त्यावरून घरी नेलेल्या सुट्या भागांच्या पुडीत काय असावे आणि काय नसावे, याचा निर्णय पदार्थविज्ञानाने किंवा हौशी माणसाच्या आवडीने जितका केला, त्याहून अधिक तो सरकारी परवान्याने, जकातीच्या दराने आणि इतरांनी टाकून दिलेल्या मालाच्या लिलावाने केला, असे माझे मत आहे. आणि या छंदाचा आपल्याकडील इतिहास लिहावयाचा, तर तो प्रयोगशाळेपासून आरंभ न करता बंदरावरील जकातनाक्यापासूनच आरंभिला पाहिजे.

१९२१ च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने मुंबईतील आपल्या कचेरीतून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. दोन वर्षांनी बॉम्बे रेडिओ क्लबाने प्रक्षेपणास प्रारंभ केला, आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. हे केंद्र अवघ्या दीड किलोवॅट शक्तीचे होते व त्याचा खात्रीचा पल्ला सुमारे तीस मैलांचा होता, म्हणजे कल्याणपलीकडच्या रयतेला त्याचा उपयोग जवळजवळ नव्हताच. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा, त्यातील ऐंशी टक्के कंपनीस मिळावेत आणि शिवाय परदेशातून येणाऱ्या बिनतारी सामानाच्या किमतीवर दहा टक्के पट्टी व्यापाऱ्याने कंपनीस द्यावी, अशी तजवीज होती. तयार यंत्र घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते त्यांनी शिशाच्या खनिजाचा, म्हणजे गॅलिनाचा, लहानसा खडा, त्यावर टेकविण्याची बारीक तार, हाताने गुंडाळलेले वेटोळे आणि कानाला लावावयाचे श्रवणयंत्र एवढ्या सामग्रीवर विजेवाचून चालणारा संच घरीच जुळवावा, यात अर्थातच नवल नव्हते. ज्या खड्याने हे साधत असे, त्याच्या लहरी टिपण्याच्या गुणाचा उपयोग करणाऱ्या उपकरणाचे अमेरिकन पेटंट १९०४ साली कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बसूंना मिळालेले होते. पण त्या शोधाचा धनी देशात असूनही श्रवणयंत्र, व्हॉल्व्ह आणि पुष्कळदा मुलामा दिलेली तारसुद्धा आगबोटीनेच येई. १९३० मध्ये कंपनी बुडाली, सरकारने प्रक्षेपण स्वतःकडे घेतले, आणि १९३२ मध्ये ते चालू ठेवण्याचे ठरताच त्याच्या खर्चाची भरपाई म्हणून बिनतारी सामानावरील जकात पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेली. ज्या वस्तूचा प्रसार व्हावा असे सरकार म्हणत होते, तिच्यावरच दुप्पट कर बसविण्याचे हे तर्कशास्त्र पुढल्या पन्नास वर्षांत अनेकदा पाहावयास मिळाले.

परवाना चुकविणाऱ्यांना आळा घालण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम आला. परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही त्याने गुन्हा ठरविला. त्यातील व्याख्या मात्र मुळातून वाचण्याजोगी आहे. बिनतारी दळणवळणास उपयोगी पडू शकेल अशी कोणतीही सामग्री तीत येते; पण जी वस्तू विजेच्या इतर कामांसही सर्रास वापरली जाते, ती खास त्या कामासाठी घडविलेली नसेल किंवा अशा यंत्राचा भाग बनलेली नसेल, तोवर कायदा तिच्या वाटेस जात नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, दुकानदाराच्या खणातला कंडेन्सर निरपराध होता आणि तोच घरी नेऊन इतर चार वस्तूंना डाख देऊन जोडला की फौजदारी सामग्री होत असे. सुट्या भागांचा धंदा या देशात उजळ माथ्याने चालू शकला, तो या एका अपवादाच्या आश्रयाने.

या अपवादाची खरी परीक्षा १९४२ मध्ये झाली. महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारने रद्द केले होते. तरीही ‘चले जाव’ चळवळीत ऑगस्टच्या अखेरीपासून मुंबईत ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू येऊ लागला. उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर ही मंडळी त्यामागे होती. प्रक्षेपक नरीमन प्रिंटर या तंत्रज्ञाने उभारला होता, आणि सामग्रीचे साहाय्य शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांच्याकडून झाले होते. हे मोटवाने घराणे मूळचे सिंधमधले. १९०९ मध्ये सक्कर येथे मुहूर्तमेढ रोवून ते कराचीमार्गे मुंबईस आले, आणि काँग्रेसच्या अफाट सभांना ध्वनिक्षेपक पुरविणारी पेढी म्हणून शिकागो रेडिओचे नाव सर्वत्र झाले. चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, गिरगाव असे बिऱ्हाड हलवीत हा प्रक्षेपक १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत चालला. त्या दिवशी, अटकेत पडलेल्या तंत्रज्ञाकडून ठावठिकाणा कळल्यामुळे, पोलिसांनी महालक्ष्मीजवळच्या बंगल्यावर छापा घातला. उषाताईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. नानिक मोटवाने खटल्यातून सुटले. देशभक्तीची कथा म्हणून हा प्रसंग आपण पुष्कळदा सांगतो. तो धंद्याच्या इतिहासाचाही भाग आहे, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. युद्धकाळाच्या मध्यावर, साम्राज्याच्या अत्यंत सावध अशा एका शहरात, प्रक्षेपक उभारण्याइतके सामान आणि ते जुळविण्याइतके कसब खाजगी हातांत उपलब्ध होते.

हा धंदा लॅमिंग्टन रोडवरच का स्थिरावला, याचे उत्तर कोणत्या दस्तऐवजात शोधण्यापेक्षा रस्त्याच्या भूगोलात शोधावे, असे मला वाटते. इंपीरियल, मिनर्व्हा, स्वस्तिक, नाझ ही चित्रपटगृहे याच परिसरातली, आणि नाझच्या इमारतीत चित्रपटवितरकांच्या कचेऱ्या. १९३१ मध्ये जवळच्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागल्यावर प्रत्येक थिएटरास ध्वनिवर्धक, त्याचे व्हॉल्व्ह आणि ते नादुरुस्त झाल्यास रात्रीच्या खेळापूर्वी नीट करून देणारा कारागीर यांची निकड भासू लागली. माझा तर्क असा की, या बाजाराचा पहिला पोशिंदा थिएटरवाला होता आणि हौशी विद्यार्थी त्याच्या पंक्तीला मागाहून बसला. शिवाय चोरबाजार तेथून पायी जाण्याच्या अंतरावर. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा अतिरिक्त माल लिलावात निघाला, तेव्हा विमानांतले ग्राहकसंच, धातूच्या डब्यांतले कंडेन्सर आणि प्रक्षेपकांत वापरला जाणारा ८०७ हा व्हॉल्व्ह असा माल वजनावारी विकला जाऊ लागला. बीसी ३४८ हा अमेरिकन वैमानिकी संच तर जगभरच्या हौशी लोकांच्या टेबलावर जाऊन बसला. जो भाग नवा घ्यावयास महिन्याचा पगार पुरला नसता, तो युद्धाच्या कृपेने हमालीच्या दरात मिळू लागला, आणि एका पिढीने आपले शिक्षण या भंगारावर केले.

हत्यारांची कहाणी याहून जुनी आहे. डाख देण्याची विद्या आपल्याकडे सोनार, तांबट आणि कल्हईवाला यांच्याकडे होतीच. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील फिरवी, कारण नवसागर धातूवरचा मळ कापतो. पण तोच नवसागर तारेच्या सांध्यावर उरला, तर ओल धरून तांबे खातो. म्हणून बिनतारीच्या कामात त्याला मज्जाव झाला आणि झाडाच्या चिकापासून निघणारी राळ आली, जी ताप असताना मळ काढते आणि थंड झाल्यावर गुमान बसून राहते. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे यांची तार १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि त्याहून थोड्या अधिक उष्णतेस पूर्ण वितळते. एवढ्या तापासाठी चुलीत तापविलेला तांब्याचा ठोकळाही पुरतो, आणि वीज नसलेल्या गावी तो पुरवूनच घेतला जाई. मोजमापाचे यंत्र मात्र घरी घडणारे नव्हते. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता मॅकडी याच्या कल्पनेतून १९२३ मध्ये निघालेला एव्हो मीटर हा दुरुस्तीवाल्यांचा मानबिंदू होता, पण त्याची किंमत हौशी माणसाच्या छातीत धडकी भरविणारी होती. ती उणीव पुढे देशी मीटरांनी भरून काढली, आणि त्यांतील सर्वपरिचित मीटर नाशिकरोडच्या कारखान्यातून निघत ते त्याच मोटवाने घराण्याचे. ध्वनिक्षेपक, प्रक्षेपक आणि मीटर अशा तीन निरनिराळ्या वाटांनी एकाच पेढीचा हात या छंदास लागला.

स्वातंत्र्यानंतर आयातनियंत्रणाचा अंमल आला आणि परकीय चलनाच्या टंचाईत हौशी माणसाची दरखास्त कोण विचारात घेणार! मात्र इच्छा वाढविण्याचे काम सरकारने अजाणता केले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या अमदानीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि सिलोन लघुलहरींवर असल्यामुळे मध्यमलहरींचा साधा संच कुचकामी ठरला. लघुलहरींचे वेटोळे नीट गुंडाळता येणे ही त्यामुळे गल्लोगल्लीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याची पत ठरली. केसकर मोठे संगीतप्रेमी होते. पण त्यांच्या धोरणाने शास्त्रीय संगीताचा प्रसार किती झाला याविषयी मतभेद होऊ शकतील, लघुलहरींच्या कारागिरीचा प्रसार झाला याविषयी होऊ नये.

ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला, तो आपल्या हौशी माणसाच्या हाती पडावयास पंधरा-वीस वर्षे लागली. बंगळुरास १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर काढले, तेव्हा एसी १२७, एसी १२८ आणि ओए ७९ हा डायोड ही नावे शाळकरी मुलांना पाठ झाली. व्हॉल्व्हच्या संचातला अडीचशे व्होल्टचा धाक गेला, टॉर्चच्या सेलवर काम भागले, आणि फेराइटची कांडी, केंद्र लावण्याचा गँग कंडेन्सर, निरनिराळ्या रंगांच्या टोप्यांचे आयएफटी, म्हणजे मध्यवारंवारतेचे ट्रान्सफॉर्मर, एवढे घेऊन खेड्यातला मुलगा आपला रेडिओ बांधू लागला. तो परवान्याविना वाजविणे मात्र तेव्हाही गुन्हाच. वर्षाचे पैसे टपाल कचेरीत भरून पुस्तिकेवर नोंद करून घ्यावी लागे, आणि सामान्य श्रोत्याच्या मानेवरचे हे जोखड १९८० च्या दशकात उतरले.

मध्यंतरी १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन आले आणि दुरुस्तीच्या धंद्याला नवा बहर आला. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास तापकीर गल्लीत असाच बाजार वाढला. फरक एवढाच की, तेथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची वर्दळ अधिक आणि थिएटरवाल्यांची कमी. ज्ञानाची सोय मासिकांनी केली. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९ पासून दिल्लीहून निघत होतेच. १९८३ मध्ये डच मूळ असलेल्या ‘एलेक्टर’ची भारतीय आवृत्ती ग्रँट रोड परिसरातूनच निघू लागली. मंडलाची आकृती आणि ती बांधण्याचे सामान एकाच मोहल्ल्यात मिळण्याचा हा योग विरळा होता. लेखात छापलेला भाग आयात यादीत अडकलेला असे, आणि ‘याच्या जागी काय चालेल’ या प्रश्नाचे उत्तर काउंटरवरचा, बहुधा दहावीही न झालेला, विक्रेता अचूक देई. या तोंडी पर्यायकोशाची लेखी प्रत कोणी करून ठेवली नाही, ही मला या सबंध इतिहासातील मोठी हानी वाटते.

१९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला व २००५ पर्यंत त्यातील बहुतेक भागांवरील जकात शून्यावर आली. चीनच्या शेन्झेनमधला माल घरपोच येऊ लागला आणि लॅमिंग्टन रोडवरील दर्शनी दुकाने संगणक व पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांनी व्यापली; सुटे भाग माडीवर आणि आतल्या बोळांत सरकले. जकातीची सत्ता अशी संपली, परवान्याची मात्र संपली नाही. १९३३ चा अधिनियम रद्द करणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. पण लहरींवरील सरकारचा ताबा त्याने सोडलेला नाही. शेतातल्या विहिरीची पातळी घरी कळावी म्हणून आज एखादा मुलगा जी बोटभर बिनतारी चकती विकत घेतो, ती पुष्कळदा युरोपच्या, ८६८ मेगाहर्ट्झच्या किंचित वरच्या, पट्ट्यासाठी बसविलेली असते. आपल्याकडे परवान्यावाचून मुभा आहे ती ८६५ ते ८६८ या पट्ट्याची. तेव्हा चालू करण्यापूर्वी त्याला तिची वारंवारता खाली आणावी लागते.