जमिनीची शुष्कता आणि सूत्रकृमी

सूत्रकृमी हे मातीत राहणारे, दोऱ्यासारखे बारीक व अखंडित शरीराचे कृमी होत. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास असते. गांडुळांहून हा निराळा प्राणिसंघ आहे. जमीन कोरडी पडल्यास सर्वच सूत्रकृमी मरत नाहीत. माती किती वेगाने सुकते यावर त्यांचे जगणे बरेचसे अवलंबून असते.

निर्जल सुप्तावस्था

सूत्रकृमी मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात वावरतात. हा थर आटू लागला की त्यांची हालचाल थांबते. माती सावकाश सुकल्यास काही जाती वेटोळे घालतात, साठवलेल्या मेद व ग्लायकोजेनपासून ट्रेहॅलोज ही शर्करा तयार करतात आणि जवळजवळ सर्व पाणी गमावूनही टिकतात. ट्रेहॅलोजमुळे पेशींच्या पटलांचे व प्रथिनांचे रक्षण होते. माती झपाट्याने सुकल्यास या तयारीला अवधी मिळत नाही व कृमी मरतात. गव्हाच्या गाठीतील सुकलेले कृमी पाण्यात हालचाल करू लागतात, हे जॉन नीडहॅम यांनी 1743 मध्ये पाहिले होते.

पनवेल परिसर

रायगड जिल्ह्यातील पनवेल परिसरात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. भातकापणीनंतर शेतातील ओल हळूहळू कमी होते. त्या ओलीवर वाल घेतला जातो. या संथ सुकण्यात कृमींना सुप्तावस्थेत जाण्यास वेळ मिळतो. त्यामुळे मे महिन्यातील भेगाळलेले शेत निर्जीव दिसले, तरी पहिल्या पावसानंतर त्यातील कृमी पुन्हा सक्रिय होऊ शकतात.

शेतीतील महत्त्व

मेलॉयडोगायनी ग्रामिनिकोला ही जाती भाताच्या मुळांच्या टोकांवर आकड्यासारख्या गाठी निर्माण करते. तिची अंडी चिकट आवरणात असल्याने लवकर सुकत नाहीत. म्हणून जमीन नुसती पडीक ठेवणे पुरेसे ठरत नाही. उन्हाळी नांगरटीने खालची माती व मुळांचे अवशेष उघडे पडतात आणि उन्हात वेगाने तापून सुकतात. राब भाजल्यानेही वरच्या थरातील कृमी मरतात. खोल थरात मात्र ती उष्णता पोहोचत नाही.

सर्व सूत्रकृमी उपद्रवी नसतात. जीवाणू खाणाऱ्या जाती नत्र मुक्त करून पिकांना उपलब्ध करून देतात.