बावीस लॅपटॉप आणि एक मास्तर

आज रविवार. चहा झालाय, डोंबिवलीत पाऊसही थांबलाय, म्हणून म्हटलं बसावं लिहायला. खरं सांगायचं तर उद्या ऑफिसात एक निर्णय घ्यायचाय आणि त्यात मी पुरता अडकलोय.

झालंय असं की आमच्या कंपनीच्या सीएसआर गटाकडे यंदा शाळांसाठी थोडे पैसे आहेत. मुरबाडकडच्या शाळांना टॅब द्यायचे, मुलागणिक एक. त्यात असं अ‍ॅप टाकायचं की मुलं एकमेकांना विचारत, एकमेकांचं बघत शिकतील. स्लाईड्स मीच केल्या होत्या आणि सगळ्यांना आवडल्याही. मग मागच्या आठवड्यात सहज जुना इतिहास चाळायला घेतला आणि पंचाईत झाली. हा प्रयोग आपल्याच लोकलच्या लाईनवर आधीच होऊन गेलाय!

कल्याणहून कर्जत लोकल पकडायची. कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा म्हणून एक वस्ती आहे. २००७ साली तिथल्या शाळेत पहिली ते चौथीची मिळून २२ मुलं होती, एक खोली आणि एकच शिक्षक. त्या वर्षी 'वन लॅपटॉप पर चाईल्ड' या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग इथे झाला. एमआयटीच्या निकोलस नेग्रोपोंटे यांची ही कल्पना, शंभर डॉलरचा लॅपटॉप. (तो शंभरात कधीच बसला नाही, ती गोष्ट वेगळी.) आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्येच त्याला नकार दिला होता. शिक्षणाच्या दृष्टीने ही कल्पना संशयास्पद आहे, आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असं त्यांचं म्हणणं. तरी हिरवे-पांढरे लॅपटॉप खैराटला आले.

आता यातला इंजिनियरिंगचा भाग बघा, मी तर प्रेमातच पडलो. या लॅपटॉपला सशाच्या कानांसारखे दोन अँटेना. मेश नेटवर्क, म्हणजे मध्ये टॉवर नको, राऊटर नको, प्रत्येक लॅपटॉप शेजारच्याचा निरोप पुढे ढकलणार. स्क्रीनवर 'शेजार' असं एक दृश्य, त्यात आजूबाजूची मुलं रंगीत चिन्हं होऊन दिसायची. एकाने चित्र काढायला घेतलं की दुसरा त्यातच शिरून रंग भरू शकायचा. फेसबुक आपल्याकडे घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट!

पण वर्षाकाठी काय हाती लागलं? खैराटमधल्या मुलांची मजा झाली असणार, यात मला शंका नाही. मोठ्या प्रमाणावरचं उत्तर मात्र पेरू देशातून आलं. तिथे ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, २०१२ साली निकाल आला. गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. आणि गंमत म्हणजे एका खोलीत बरीच यंत्रं एकत्र आली की ते मेश नेटवर्कच गुदमरायचं.

मी विचार करत बसलो. एका खोलीतली बावीस मुलं. एकत्र खेळणारी, एकत्र जेवणारी, एकमेकांची पाटी बघून लिहिणारी. त्यांना जोडायला नेटवर्क कशाला लागतं? त्या खोलीत न जोडलेला नोड एकच होता. मास्तर!

हे मला एवढं झोंबायचं कारण घरातलं आहे. माझी आई मुरबाड तालुक्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका होती. कल्याणहून सकाळची एसटी, मग पुढे चालत. दोनशिक्षकी शाळा, त्यातले एक गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या सरकारी कामावर. म्हणजे चार इयत्ता आणि आई. एखादं पोर वजाबाकीत अडलं तर विचारायचं कोणाला?

नाही म्हणायला एक नेटवर्क होतं, कागदावरचं. १९९४ साली राज्यात ४,८६० केंद्रं केली गेली. जवळपासच्या शाळांचं एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख आणि महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद. त्या दिवशी आई उशिरा यायची, पण खुशीत. पर्समधून घड्या घातलेले कागद निघायचे, कोणाकोणाकडून उतरवून घेतलेले. एरवीचे दिवस मात्र ती गप्प असायची.

मग २०१५ उजाडलं. २२ जूनला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, आणि त्याच सुमारास शिक्षकांच्या हातात स्वस्त स्मार्टफोन. आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या पष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड सरांमुळे डिजिटल शाळा म्हणून गाजली होती, लांबलांबून शिक्षक ती बघायला येत. बघून आलेले फोटो टाकत, बाकीचे प्रश्न विचारत. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तेव्हा १०० जणांचा असे, २०१६ मध्ये २५६ चा झाला.

आईने एकदा ग्रुपवर एका पोराच्या वहीचा फोटो टाकला. ५२ वजा ३८ बरोबर २६. म्हणजे पोरगं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा करत होतं. रात्री दुसऱ्या तालुक्यातल्या एका बाईंचं उत्तर आलं, काड्यांचे गठ्ठे राहू द्या, दुकान मांडा. पाच दहाच्या नोटा आणि दोन नाणी द्या, अडतीस रुपयांची वस्तू विकत घ्यायला लावा. सुट्ट्या नाण्यांनी आठ भागत नाहीत म्हटल्यावर पोरगं आपणहून नोट मोडायला मागेल. आईने तसं केलं. त्या संध्याकाळी ती परिषदेच्या दिवसासारखी घरी आली!

सगळं गोड होतं असं नाही. त्याच ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं, आणि रात्री नऊला वरून फर्मान, "माहिती आजच पाठवा." हळूहळू फर्मानं वाढली, वजाबाकी मागे पडली. आणि २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर हेच नेटवर्क थेट मुलांपर्यंत ताणलं गेलं. तेव्हाच्या 'असर' पाहणीत देशभरात शाळेतल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये ३६.५ टक्के. पण घरी फोन असणं म्हणजे मुलाच्या हातात असणं नव्हे. आईच्या पाड्यावर फोन सकाळीच वडिलांबरोबर कामावर जायचा. शेवटी आई आणि गुरुजी पाड्यावर जाऊन ओट्यावर शिकवायचे. पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली.

काल तिला माझ्या स्लाईड्स दाखवल्या. चष्मा लावून नीट बघितल्या. म्हणाली, "छान आहे रे. पण यात बाई कुठे आहेत?"

बाई तिसऱ्या स्लाईडवर होत्या, 'टॅब चार्ज करणे' या कामासमोर. :-)

तंत्रज्ञान शाळेत नको असं माझं म्हणणं नाही, माझं पोट त्यावर आहे. पण इतिहास बघितला तर वर्गाचं भलं झालं ते एकटी पडलेली माणसं जोडली गेली तेव्हा. मुलं आधीच जोडलेली असतात. म्हणून उद्याच्या मेलमध्ये टॅब कमी केलेत. त्याऐवजी वीस शाळांतल्या शिक्षकांसाठी महिन्यातून एक दिवस भेटण्याचा प्रवासखर्च आणि जेवण, आणि एक ग्रुप, ज्यावर फक्त मुलांच्या वह्यांचे फोटो आणि प्रश्न. फर्मानांना बंदी.

फोटोत हे टॅबइतकं चकाचक दिसणार नाही, त्यामुळे मंजूर होईलच असं नाही. मेल मात्र लिहून ठेवलाय. उद्या दहाला पाठवतो.