प्रगतिपुस्तकातले तीन रकाने

महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकात विषयवार श्रेणींच्या जोडीला तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. पालक आधी श्रेणी बघतात, मग सही करतात. जमलंच तर या रकान्यांवरून नजर फिरवतात. पण मूल कसं वाढतंय हे शाळेनं शब्दांत सांगायचं, ही कल्पना हिंदुस्थानात रुजली त्यात मद्रासच्या अड्यारचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडचं प्रगतिपुस्तक मुळात आकड्यांचं. 1857 साली मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला विद्यापीठं निघाली, त्यांच्याबरोबर मॅट्रिक आलं आणि पास-नापास हीच माणसाची ओळख झाली. ‘मॅट्रिक नापास’ हीदेखील त्या काळी सांगण्याजोगी पायरी होती! पुढे मद्रास इलाख्यानं एसएसएलसी या शालान्त दाखल्याची योजना आणली, तेव्हा अखेरच्या परीक्षेसोबत शाळेतल्या कामाचीही नोंद दाखल्यात धरली गेली. सुधारणा खरी; पण तीही गुणांचीच.

शब्दांची वाट दुसरीकडून आली. 1907 साली रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत मारिया माँटेसरींनी गरिबांच्या मुलांसाठी बालगृह काढलं. बाई डॉक्टर. दर आठवड्याला वजन, दर महिन्याला उंची, अशी प्रत्येक मुलाची नोंद त्या ठेवायला लावत. आपल्या प्रगतिपुस्तकांतही उंची-वजनाची ओळ असते; ती थेट रोमहून आली असं कुणी म्हणणार नाही, पण स्वभाव तोच. मापांच्या पुढचं काम होतं निरीक्षणाचं. मुलानं कोणतं साधन उचललं, किती वेळ त्यात रमलं, कधी ठेवून दिलं, हे शिक्षिकेनं मध्ये न पडता बघायचं. बक्षिसं आणि शिक्षा मात्र त्यांनी काढूनच टाकल्या. त्यामागचा एक प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय. एका हुशार मुलाला बक्षीस म्हणून रुपेरी क्रूस गळ्यात घालायला दिला होता. साधनांची ने-आण करताना तो खाली पडला. शिक्षा म्हणून खुर्चीवर बसवलेल्या दुसऱ्या मुलानं तो उचलला आणि ‘मी घालू का?’ असं विचारलं. पहिला खुशाल ‘घाल’ म्हणाला आणि कामाला लागला.

या बाई 1939 च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मुलगा मारिओसह अड्यारला आल्या. बोलावणं थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांचं. झावळ्यांच्या झोपड्यांत वर्ग भरले आणि देशभरातून सुमारे तीनशे शिक्षक आले. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. पण जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि हे मायलेक एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओची रवानगी झाली थेट आपल्या अहमदनगरच्या छावणीत. बाई अड्यारच्या आवारात स्थानबद्ध. 31 ऑगस्टला त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा व्हाइसरॉयनं वाढदिवसाची भेट म्हणून मुलगा परत पाठवला. बाई 1946 पर्यंत हिंदुस्थानातच राहिल्या आणि ठिकठिकाणी शिक्षक घडवत गेल्या.

आपल्याकडे ही वाट त्याआधीच पोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक पुस्तकांवरून माँटेसरी शिकून, इथल्या मुलांना बेतून, बालमंदिर चालवत होते. 1926 साली नूतन बालशिक्षण संघही निघाला. गिजुभाई जून 1939 मध्ये गेले. बाई अड्यारला उतरल्या त्याच्या जेमतेम पाच महिने आधी. ही चुकामूक मला फार लागते. ताराबाईंनी पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला, अनुताई वाघांसोबत, आदिवासी मुलांत अंगणवाडी नेली. तिथे मुलाला समजून घ्यायचं तर आधी त्याच्या पाड्यावर जावं लागे.

सरकारी कागदावर हे सगळं फार उशिरा उतरलं. शिक्षणहक्क कायदा आला आणि 2010 पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं: वर्षभराचं आकारिक, सत्राअखेरचं संकलित आणि शब्दांतल्या ‘वर्णनात्मक नोंदी’. नोंद सक्तीची झाली आणि तयार नोंदींचा बाजारही उभा राहिला. विषयवार वाक्यांच्या पुस्तिका निघाल्या, पुढे फाइली व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘परिपाठात सहभागी होतो’, ‘अक्षर वळणदार काढते’, ‘गटकार्यात उत्साह दाखवतो’. एका वर्गात पंधरा जण एकाच वाक्यात उत्साही! शिक्षकांना तरी किती दोष द्यायचा? चाळीस मुलं, आठ-नऊ विषय, दोन सत्रं, वर निवडणुकीची कामं.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आता समग्र प्रगती पत्रक येतंय. त्यात मूल स्वतःबद्दल सांगणार, सोबती त्याच्याबद्दल सांगणार, पालकही भर घालणार. त्याच्याही तयार नोंदी निघायला वेळ लागणार नाही. काही बाई मात्र अजूनही वेगळी वही ठेवतात. ‘आज भांडण सोडवलं, कुणी सांगितलं नव्हतं’, असलं काहीतरी त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं. पालकसभेला ती वही उघडली जाते. प्रगतिपुस्तकात मात्र ते चढत नाही, रकान्यात जागा एका ओळीची.