रिसग

रिसग हे पुरुषांसाठीचे संप्रेरकविरहित गर्भनिरोधक इंजेक्शन आहे. ‘रिव्हर्सिबल इन्हिबिशन ऑफ स्पर्म अंडर गायडन्स’ या नावाचे हे आद्याक्षरी रूप. आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक सुजॉय गुहा यांनी १९७० च्या दशकात त्यावर संशोधन सुरू केले.

स्टायरीन मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड हे बहुवारिक डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून दोन्ही शुक्रवाहिन्यांत टोचले जाते. ते आतील भिंतीस चिकटून राहते व तेथून जाणारे शुक्राणू निकामी करते. नसबंदीप्रमाणे वाहिनी कापावी लागत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३०३ विवाहित पुरुषांवर केलेल्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ९७.३ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू उरले नव्हते. मात्र नावात ‘रिव्हर्सिबल’ असले, तरी प्रजननक्षमता परत येते हे प्राण्यांमध्येच दिसून आले आहे. मानवात ते सिद्ध झालेले नाही. त्यामुळे पुढे अपत्य हवे असणाऱ्यांसाठी हा खात्रीचा पर्याय म्हणता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांनी कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. रिसग बाजारात आलेले नसल्याने नांदेड-लातूरकडील पुरुषांपुढे निरोध आणि नसबंदी हेच प्रमुख मार्ग आहेत.