दिव्यामागचं कातडं



सूनबाईने हौसेने रंगीत दिवा आणला. रामायणातली चित्रं, बारीक भोकांतून झिरपणारा उजेड. चौकशी केली, तर शेळीचं कातडं! आंध्रातल्या निम्मलकुंटा गावचे कलावंत पूर्वी पडद्यामागे दिवा लावून ‘तोलू बोम्मलाटा’ हा बाहुल्यांचा खेळ करत. सिनेमा-टीव्हीने प्रेक्षक नेले, तेव्हा त्याच कातड्याच्या लॅम्पशेड होऊ लागल्या. तिथल्या दलवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

कलेला नमस्कार. त्यांचं पोट त्यावर, हेही खरं. पण अहिंसा मानणाऱ्या घरात कातडं कसं टांगू? सून हिरमुसली.

मग दोघी पुण्याच्या तांबट आळीत गेलो. मठारकामाची तांब्याची शेड तिनेच निवडली. खर्च दुप्पट झाला, पण अबोला मिटला.