जळालेला ट्रान्सफॉर्मर आणि वाचनालयाचा रेडिओ

आमच्या वाचनालयाचा व्हॉल्व्हवाला रेडिओ गेल्या महिन्यात भंगारात जाता जाता वाचला. ट्रान्सफॉर्मर जळालाय, आता पार्ट कुठले मिळायला, असं म्हणून कमिटीने विकायचं जवळपास ठरवलंच होतं.

मागचा पुठ्ठा काढला तर आत व्होल्टेज बदलायची पट्टी दिसली. 110, 130, 200, 220, 240. एका रेडिओला एवढे आकडे कशाला? कारण त्या काळी वीज सगळीकडे सारखी नव्हती. गावोगाव वेगळ्या वीज कंपन्या. कुठे एसी, कुठे डीसी, व्होल्टेजही निरनिराळं. ट्रान्सफॉर्मर चालतो फक्त एसीवर. डीसीवर लावला की जळालाच. म्हणून डीसीच्या शहरांसाठी बिनट्रान्सफॉर्मरचे सेट निघाले आणि वीजच नसलेल्या खेड्यांसाठी बॅटरीचे. पुढे 1948 चा वीजपुरवठा कायदा झाला, 20 जून 1960 ला आपलं विद्युत मंडळ आलं आणि हळूहळू ती पट्टी निरुपयोगी झाली.

रेडिओ तेव्हा नुसता गाण्यांपुरता नव्हता. 1956 मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवून पाहिली. लोक एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. सरकारने सांगायचं आणि गावाने उलट विचारायचं, हे त्या पेटीभोवती घडलं.

असो. रेडिओ नेला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. आमच्याकडे ही दुकानं टिकलीत ती शेतीपंपांच्या जळक्या मोटारींवर! मिस्त्रींनी जुनी तार उलगडताना वेढे मोजले, तारेची जाडी लिहून घेतली. एक वाइंडिंग व्हॉल्व्हच्या फिलामेंटला 6.3 व्होल्ट देणारं, दुसरं अडीचशेच्या वरचं. मी म्हटलं, "बसवून टाका आता." ते म्हणाले, "साहेब, जळाला का ते आधी बघू."

फिल्टर कंडेन्सर लीक झालेला. त्यामुळे करंट जादा ओढला जायचा आणि वाइंडिंग तापायचं. वर पट्टी 220 ला ठेवलेली, आणि रात्री भार उतरला की आमच्या गावात व्होल्टेज 250 पर्यंत चढतं. नवा ट्रान्सफॉर्मर तसाच बसवला असता तर तोही गेला असता. त्यांनी कंडेन्सर बदलले, पट्टी 240 ला नेली, फ्यूज टाकला. मग 60 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सेट चालू केला. बल्ब लख्ख पेटला तर समजायचं आत शॉर्ट आहे. तो क्षणभर उजळला आणि मंद झाला. मिनिटाभराने घरघर, आणि मग आवाज!

घरी येताना शिवारातली डीपी आठवली. दर हंगामात जळते. शेतकरी वर्गणी काढतात, पिकं वाळत असताना खेटे घालतात, शेवटी दुसरी बसते. भार तोच, पंप तेवढेच, फ्यूजच्या जागी तीच जाडी तार. पुढच्या वर्षी पुन्हा धूर.

"जळाला का ते आधी बघू." हे वाक्य मिस्त्रींना कळतं. डीपी बदलून फोटो काढणाऱ्यांना कधी कळणार?

रेडिओ वाचनालयात चालू आहे. या ऐकायला. आणि तुमच्या माळ्यावर असा सेट पडला असेल तर भंगारात देण्याआधी एकदा मिस्त्रीला दाखवा. स्वतः मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही कंडेन्सर झटका देतो.